पिरॅमिडच्या तळाशी: एक तक्ता गिरणगावातून वाचताना

पत्रिकेवर विषय छापलाय ‘अल्प उत्पन्न गटातला ग्राहक आणि उद्योग’. एवढा विषय तासाभरात मावणार नाही, म्हणून मी एकाच पुस्तकावर बोलणार आहे. सी. के. प्रल्हाद यांचं ‘द फॉर्च्यून ॲट द बॉटम ऑफ द पिरॅमिड’. 2004 साली आलं आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत त्याची पारायणं झाली. ते परळ-लालबागच्या बाजूने वाचलं तर कसं दिसतं, एवढाच आजचा मुद्दा.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं. जगातले चारशे कोटी लोक दिवसाला दोन डॉलरच्या आत जगतात, आणि मोठ्या कंपन्या त्यांना गिऱ्हाईक मानतच नाहीत. त्यांना ‘बिचारे’ म्हणणं सोडा. ते चोखंदळ आहेत, किमतीला जागरूक आहेत. त्यांच्या खिशाला परवडेल अशी वस्तू बनवा. कंपनीला नफा होईल आणि गरिबीही हटेल. यातला पहिला अर्धा भाग मला मनापासून पटतो. गरीब माणसाला वस्तूतलं कळत नाही, असं ज्याला वाटतं त्याने लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मे महिन्यात अर्धा तास उभं राहावं. बाई बेडगी वेगळी घेते, शंकेश्वरी वेगळी घेते, देठ मोडून बघते, समोर भाजून घेते आणि डंकावर कांडून होईपर्यंत नजर हटवत नाही. असा ग्राहक कुठल्या मॉलमध्ये दिसतो, सांगा.

आता पुस्तकातला सगळ्यात गाजलेला तक्ता. तो मुंबईचाच आहे. एका बाजूला धारावी, दुसऱ्या बाजूला वॉर्डन रोड, म्हणजे आपला भुलाभाई देसाई मार्ग. एकाच वस्तूला दोन्हीकडे काय मोजावं लागतं? पाणी घनमीटरला धारावीत 1.12 डॉलर, वॉर्डन रोडला 0.03. म्हणजे 37 पट. जुलाबावरचं औषध 10 पट. कर्जाचं व्याज वॉर्डन रोडला वर्षाला 12 ते 18 टक्के, धारावीत 600 ते 1000 टक्के. दोन्हीकडची सरासरी धरून 53 पट. फोन 1.8 पट. आणि तांदूळ? 1.2 पट.

प्रल्हाद याला गरिबीचा दंड म्हणतात. शब्द चांगला आहे. ते म्हणतात, संघटित उद्योग इथे उतरला की हा दंड कमी होईल. पण तक्ता नीट बघा. सगळ्यात कमी दंड कशावर आहे? तांदळावर. तिथे कुठली मोठी कंपनी होती? नव्हती. गल्लीतला वाणी होता, त्याच्या समोर दुसरा वाणी होता, आणि रेशनचं दुकान होतं. सगळ्यात जास्त दंड कशावर? पाण्यावर आणि कर्जावर. म्हणजे जिथे महापालिकेचा नळ पोचला नाही आणि जिथे बँकेची पायरी चढता आली नाही. वॉर्डन रोडला पाणी स्वस्त का? तिथले लोक उत्तम ग्राहक आहेत म्हणून नव्हे, तिथे पालिकेची लाइन आहे म्हणून. तक्ता प्रल्हादांचाच, पण तो साक्ष देतो नळाच्या बाजूने. माझा या पुस्तकावरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

पुढे पुडी येते. शांपूची पुडी म्हणजे या विचाराचं जणू बोधचिन्ह. थोडं-थोडं विकणं हा काही कंपन्यांचा शोध नाही. पावशेर, छटाक, चार आण्याचं तेल, सुट्टी विडी, हे आपल्या वाण्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि न्यायाने बोलायचं तर शांपूची पुडी मिलिलिटरमागे बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. तेव्हा ‘पुडीतून लुटतात’ ही नेहमीची टीका मी करणार नाही. (त्या रिकाम्या पुड्या भंगारवालाही घेत नाही आणि पावसाळ्यात गटारात सापडतात, तो वेगळा विषय आहे.)

माझा प्रश्न दुसरा आहे. माणूस पुडी का घेतो? गिरणी कामगाराला पगाराची तारीख होती. रक्कम तुटपुंजी असेल, पण तारीख पक्की. त्या तारखेच्या जोरावर वाण्याची वही चालायची, भिशी चालायची, महिन्याचा किराणा एकदम भरायचा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हजारो घरांतली ती तारीखच गेली. त्या घरातला माणूस पुढे वॉचमन झाला, नाक्यावर भाजी विकायला बसला, बाई घरकामाला लागली. आज कमाई, उद्या माहीत नाही. अशा घरात महिन्याचं सामान एकदम येत नाही, रोजचं रोज येतं. ऐंशीच्या दशकात पुड्यांचा खप वाढला त्याला एकटा संप कारण नाही, खेड्यापाड्यांतही त्या खपल्याच. पण माझं वाचन असं आहे की पुडी खपते ती कमाई रोजंदारीवर आल्याची खूण आहे. पुस्तक तिला बाजारपेठ वाढल्याची खूण समजतं. एकच वस्तू, आणि अर्थ किती लांबचे!

आता एक योगायोग बघा. या पुस्तकात अन्नपूर्णा आहे. पण ते मीठ आहे, हिंदुस्थान लीव्हरचं. आपल्या फोडणीच्या स्वयंपाकात मिठातलं आयोडीन उडून जातं, ते टिकावं म्हणून कंपनीने तंत्र शोधलं, त्याची ही हकीगत. काम खरोखर चांगलं आहे. पुस्तकातला मला आवडलेला भाग हाच. पण आपल्या दादरची अन्नपूर्णा त्यात नाही.

ती कोणती, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. रत्नागिरी-सातारकडचा गडी बायकामुलं गावी ठेवून इथे यायचा, गाळ्यात वळकटी टाकायचा आणि खानावळवाल्या मावशीकडे ‘मेंबर’ व्हायचा. दोन वेळचं जेवण रोज, पैसे पगाराला. म्हणजे महिनाभराचं भांडवल कोण घालायचं? मावशी! तीसुद्धा वाण्याकडून उधारीत माल उचलून, त्याचा भाव मुकाट्याने देऊन, आणि अडलं की सावकाराकडे दागिना ठेवून. एवढ्या मोठ्या कापडधंद्याच्या कामगारांना रोज जेवू घालणारी ही व्यवस्था कुणाच्या ताळेबंदात नव्हती. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवलं. तक्त्यातली कर्जाची ओळ आठवते ना? ती खाली आणायचा रस्ता इथे तेव्हाच सापडला होता, पुस्तकाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. त्याला बँकांचं राष्ट्रीयीकरण लागलं, संघटना लागली, आणि कर्ज फेडतील यावर विश्वास ठेवणारा कुणी लागला.

हीच गोष्ट गिरगावात 1959 ला घडली. लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायका, ऐंशी रुपये उसने, पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. लिज्जतची कथा आपण इतकी ऐकलीय की तिच्यातला व्यवहार नजरेआड होतो. त्या बायका अल्प उत्पन्न गटातल्याच होत्या, पण त्यांनी कुणाचा माल घेतला नाही, आपला माल भुलेश्वरच्या व्यापाऱ्याला दिला. आणि लाटणारी प्रत्येक बहीण भागीदार, हा नियम ठेवला. नायगावचा ‘अपना बाजार’ 1948 चा. तिथे तर ग्राहकच दुकानाचा मालक. सहकाराचं पुढे काय-काय झालं ते आपण बघितलंय, त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल. मी एवढंच म्हणतो, की तळाच्या माणसाला सेवा कशी द्यावी याचे हे प्रयोग कंपनीच्या नकाशावर नव्हते, कारण त्यांत कंपनीला जागाच नव्हती.

प्रल्हाद जिथे शिकवत त्याच मिशिगन विद्यापीठातले अनिल कर्नानी यांनी 2007 मध्ये या विचाराला मृगजळ म्हटलं. गरिबाकडे खर्चायला पैसाच कमी असतो. त्याला विकू नका, त्याच्याकडून विकत घ्या, त्याला काम द्या, असा त्यांचा रोख. मला तो जास्त पटतो. फक्त त्यात एक भर घालायला हवी, आणि ती शिवडीची आहे. शिवडीला लीव्हरचा साबणाचा कारखाना 1934 पासून होता. 1988-89 मध्ये तिथे टाळेबंदी झाली तेव्हा कामगारांनी स्वतः धुण्याची पावडर बनवली, ‘लॉक आउट’ नाव दिलं आणि विकली. पावडर कशी बनते हे त्यांना माहीत होतं, कोण घेतं हेही माहीत होतं, कारण घेणारे त्यांच्याच चाळीतले. पुस्तकातला तळाचा माणूस नेहमी काउंटरच्या पलीकडे उभा असतो, त्याच्या हाताला साबण बनवायचं काम माहीत असेल असं तिथे कुणाच्या मनात येत नाही.

तर कुणा उद्योजकाने मला विचारलं, की या वस्तीत काय विकू? मी म्हणेन, आधी त्या तक्त्यासारखा तक्ता आजच्या परळचा करा. एका बाजूला टॉवरमधला रहिवासी, दुसऱ्या बाजूला त्याच टॉवरचा वॉचमन आणि त्याला डबा पोचवणारा पोरगा. पाण्याला कोण किती देतो, खोलीच्या भाड्याला चौरस फुटामागे कोण किती देतो, मोबाइलवरच्या झटपट कर्जाला वर्षाचं व्याज किती पडतं, महिन्यातले किती दिवस हातात पैसे असतात. हा तक्ता हातात आला की मग वस्तूचं बोलू. इथे विद्यार्थी बरेच दिसतायत, आठवड्याभरात होण्यासारखं काम आहे.

बरं, प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेपासून सुरू करू या.