हलशीचे ताम्रपट आणि फ्लीटसाहेब

पुरातत्त्व म्हटले की कुदळ, खड्डे आणि खापरे डोळ्यांपुढे येतात. आपल्या खानापूर तालुक्याचा जुना इतिहास मात्र आधी उभा राहिला तो अक्षरे लावून वाचणाऱ्या एका माणसामुळे. जॉन फेथफुल फ्लीट (1847–1917) हा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी. 1867 साली हिंदुस्थानात आला, 1897 साली निवृत्त झाला. मधली तीन वर्षे, 1883 ते 1886, तो सरकारचा पहिला पुराभिलेखतज्ज्ञ होता. एरवी कचेरी सांभाळून जमेल तेवढा अभ्यास.

हलशीजवळ चक्रतीर्थ नावाच्या विहिरीपाशी मातीच्या ढिगात कदंब राजांचे सात ताम्रपट सापडले. फ्लीटने ते आधी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले आणि मग ‘इंडियन अँटिक्वरी’च्या सहाव्या खंडात, 1877 साली, पुन्हा तपासून दिले. एकदा छापलेले पुन्हा हाती घ्यायचे ही त्याची सवयच. कानडी जिल्ह्यांतील राजवंशांवरचे 1882 चे पुस्तकही त्याने 1896 च्या गॅझेटियरसाठी जवळजवळ नव्याने लिहिले. हलशी म्हणजेच पलाशिका, आणि काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा, हरिवर्मा ही नावे आज आपण सहज घेतो, ती या वाचनामुळे. जॉर्ज मोराएस यांचा ‘कदंब कुल’ (1931) हा ग्रंथही याच पायावर उभा आहे.

तो चुकलाच नाही असे नव्हे. कनिष्काला इसवीसनपूर्व 58 मध्ये नेऊन बसवण्याचा त्याचा हट्ट पुढे सर्वमान्य झाला नाही. पण गुप्त संवताचा आरंभ इसवी सन 319-20 हा त्याने 1888 च्या ग्रंथात मांडलेला हिशेब टिकला.

माझी तक्रार दुसरीच आहे. फ्लीटचा सगळा जोर पाठ, वंशावळ आणि काळ यांवर. त्याच्यामागून आलेल्यांनीही तेच उचलले, आणि आपल्या वाट्याला राजांची यादी आली. खरे तर सातही पट एका ठिकाणी मिळाले आणि त्यांतली बहुतेक दाने जैनांशी निगडित आहेत. हे एखाद्या जिनालयाचे दप्तर असावे, संकटकाळी कुणीतरी पुरून ठेवलेले, असे मला वाटते. ते नेमके कशात होते, भोवती विटा-खापरे काय होती, हे कुदळवाला आधी विचारतो. अक्षरवाल्याला पट हाती आला की पुरे होते.

आणि मजकूर तर बघा! मृगेशवर्म्याने पलाशिकेत जिनालय बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन संघांना 33 निवर्तने जमीन दिली. तिची हद्द सांगितली आहे ती मातृसरित् नावाच्या प्रवाहापासून इंगिणीच्या संगमापर्यंत. रविवर्म्याच्या आज्ञेत कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आठ दिवस उत्सव करावा आणि पावसाळ्याचे चार महिने यतींच्या जेवणाची सोय व्हावी, असे आहे. खानापूरचा पाऊस ज्याने अंगावर घेतलाय त्याला ही तरतूद समजावून सांगायला नको. मातृसरित् म्हणजे आजचा कुठला ओढा? ‘राजमानाने’ मोजलेले निवर्तन आजच्या किती गुंठ्यांचे? हे प्रश्न नंदगड-हलशीच्या शिवारात फिरणाऱ्याचे आहेत, आणि ते आपण फ्लीटवर सोपवून मोकळे झालो.

त्याऐवजी आपल्याकडे त्याच्या पुस्तकाच्या नावावरून हमरीतुमरी होते. शीर्षकात ‘कानडी जिल्हे’ आहे ना, मग झाला निकाल, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू ते पुस्तक उघडतच नाही. शीर्षकातले जिल्हे हे मुंबई इलाख्याच्या कारभारातले जिल्हे, आणि हलशीचे हे सात पट संस्कृतात आहेत. गंमत अशी की 1896 च्या त्या गॅझेटियरात रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास आणि फ्लीटचे राजवंश एकाच पुठ्ठ्यात बांधलेले आहेत. आमच्याकडे मराठीवाले भांडारकर वाचतात, कानडीवाले फ्लीट. पुस्तक तेच, पाने वेगळी.

फ्लीटने कानडी पोवाडेही गोळा करून इंग्रजी भाषांतरासह छापले, त्यांत संगोळ्ळी रायण्णाचाही आहे. ज्या रायण्णाला 1831 साली नंदगडला फाशी झाली, त्याचे गाणे त्याच सरकारच्या नोकराने जपले! माणूस कोरडा होता असे त्यामुळे मला म्हणवत नाही. ताम्रपटाच्या वेळी मात्र त्याने गावकऱ्यांचे ऐकण्यापेक्षा नकाशावर जास्त भिस्त ठेवली असे दिसते. आमच्या मंडळाने येत्या उन्हाळ्यात हलशीभोवतालच्या ओढ्यांची, संगमांची आणि शेतांची जुनी नावे लिहून काढावीत. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे होईल. मोजणीच्या नकाशात ती सगळी उतरलेली नाहीत.