फ्रोंटिनसची साक्ष

खोटे बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत सापडतो. खरे बोलणारा साक्षीदार जे सांगावयाचेच सोडून देतो, ते हाती लागणे मात्र कठीण. सेक्स्टस ज्यूलियस फ्रोंटिनस याचे रोमच्या पाणीपुरवठ्यावरील छोटेखानी पुस्तक पुन्हा वाचताना आम्हांस हाच अनुभव आला.

इ. स. 97 मध्ये सम्राट नेर्वा याने फ्रोंटिनसची जलप्रमुख म्हणून नेमणूक केली. हाताखालच्या माणसांच्या सांगण्यावर विसंबून कारभार करणे त्याला कमीपणाचे वाटले. म्हणून त्याने स्वतःच्या मार्गदर्शनासाठी हे पुस्तक लिहिले. 1429 साली पोज्जो ब्राच्चिओलिनी यास माँते कासिनोच्या मठात त्याची पोथी मिळाली नसती, तर रोमच्या कमानी आपणांस दिसल्या असत्या, पण त्यांवरून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब कळला नसता.

हिशेब हाच या पुस्तकाचा प्राण आहे. इ. स. पू. 312 मधील ॲपिया कालव्यापासून आपल्या काळापर्यंतचे नऊ कालवे त्याने उगम, लांबी व वाटप यांसह नोंदले आहेत. पाणी मोजण्याचे एकक 'क्विनारिया'. सरकारी दप्तरात जमा होती 12,755 आणि वाटप होते 14,018. म्हणजे आलेल्या पाण्यापेक्षा वाटलेले पाणी 1,263 ने अधिक! दुसरा एखादा अधिकारी कागदावरचे आकडे जुळवून मोकळा झाला असता. फ्रोंटिनसने उगमाकडे जाऊन मोजणी केली, तेव्हा दप्तरापेक्षा सुमारे 10,000 क्विनारिया अधिक पाणी आढळले. पाण्याची तूट नव्हतीच. वाटेत चोरी होत होती. नव्या मालकासाठी टाकीला नवे भोक पाडावयाचे, जुने तसेच ठेवून त्यातले पाणी विकावयाचे; रस्त्याखालच्या नळांना मधेच छिद्रे पाडावयाची, हे सारे उद्योग तो विस्ताराने सांगतो. पाटाच्या आणि देवळाच्या तळीच्या पाण्यावरून कोर्टाची पायरी चढणारे पक्षकार आम्ही पाहिले आहेत. त्यामुळे ही पाने वाचताना एकोणीस शतकांचे अंतर आम्हांस फारसे जाणवले नाही.

त्याने सांगितलेली बंदोबस्ताची रीतही वाचण्याजोगी आहे. टाकीला बसवावयाची तोटी काशाची, किमान 12 अंगुळे लांब आणि शिक्का मारलेली असावी. तिच्या पुढे 50 फुटांपर्यंतचा नळ त्याच मापाचा असावा. शिसे मऊ, ते ठोकून रुंद करता येते. काशाशी तसा खेळ चालत नाही. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. वेग वाढला की त्याच तोंडातून पाणी अधिक येते हे त्याला ठाऊक होते. तरीही त्याच्या मापात वेगाला स्थान नाही. म्हणून त्याच्या आकड्यांवरून रोमच्या पाण्याचे नेमके परिमाण काढू पाहणाऱ्यांनी जपून चालावे.

या साक्षीला दुजोरा देणारा पुरावा मातीखालून आला. पाँपेई नगर फ्रोंटिनसच्या नेमणुकीपूर्वी अठराच वर्षे, इ. स. 79 मध्ये, राखेखाली गेले. तेथे व्हिसूव्हियस वेशीजवळ पाणी वाटणारी इमारत आहे, चौकाचौकांत दाब कमी करणारे मनोरे आहेत, पदपथाकडेला शिशाचे नळ आहेत. रस्त्यावरच्या हौदांचे दगडी काठ पाण्यासाठी टेकलेल्या हातांनी झिजले आहेत. इतर अनेक ठिकाणी मिळालेल्या नळांवर मालकाचे, कधी नळ ओतणाऱ्याचे, नाव उमटलेले आहे.

परंतु हाच पुरावा साक्षीदाराचे मौनही उघडे करतो. कालव्यांच्या देखभालीसाठी 700 गुलाम होते असे फ्रोंटिनस सांगतो: अग्रिप्पाकडून आलेले 240 आणि क्लॉडियसने ठेवलेले 460. त्यांत टाकीवाले होते, फिरते तपासनीस होते, फरसबंदी करणारे आणि गिलावा करणारे होते. वजनदार लोक त्यांना खासगी कामावर पळवितात, ही त्याची तक्रार. तक्रार रास्त आहे. पण ती मालमत्तेच्या गैरवापराची आहे. कालव्याची खोडी काढणाऱ्यास 1,00,000 सेस्टर्स दंड सांगणारा कायदा तो उद्धृत करतो. त्यात गुन्हा गुलामाने केला तर दंड मालकाने भरावयाचा, म्हणजे अपराधातही त्या माणसाला स्वतंत्र अस्तित्व नाही. ते 700 लोक कोठे निजत, काय खात, याबद्दल एक अक्षर नाही.

2021 च्या नोव्हेंबरात पाँपेईजवळ चिविता जुलियाना येथील वाड्यात गुलामांची मानली जाणारी एक खोली उजेडात आली. सुमारे सोळा चौरस मीटर जागा, तीन खाटा, त्यांतली एक दीड मीटरहूनही आखूड, बहुधा मुलाची; खाटांखाली भांडी, कोपऱ्यात सामानाचे रांजण, उजेडाला उंचावर एक लहान झरोका. ही माणसे कालव्यावरची नव्हेत, एका खासगी मालकाची. तरीही फ्रोंटिनसच्या यादीशेजारी आम्ही ती खोली ठेवतो, कारण त्या यादीतले आकडे कोणाचे होते हे तीच सांगते.

फ्रोंटिनस इजिप्तच्या पिरॅमिडांना निरुपयोगी म्हणतो आणि आपल्या कालव्यांचा अभिमान मिरवतो. लोकोपयोगाची त्याची कसोटी आम्हांस मान्य आहे. त्याचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे, आणि सार्वजनिक पाण्याचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र थेंबाथेंबाचा जाब मागणाऱ्या या अधिकाऱ्याला ते पाणी आणणाऱ्या हातांचा हिशेब द्यावा असे वाटले नाही. ते काम शेवटी उत्खनन करणाऱ्यांच्या खुरप्यालाच करावे लागले.