लाइट इटॅलिक सॅन्स सेरिफ अक्षरवळणाची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना :
माहितीपुस्तिका, फलक किंवा नियतकालिक यांच्या मांडणीत बारीक रेषेचे, तिरपे आणि टोकांना पुच्छरेषा नसलेले अक्षर, म्हणजेच लाइट इटॅलिक सॅन्स सेरिफ, बहुधा ‘नाजूक दिसते’ म्हणून निवडले जाते. ही कसोटी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
इटॅलिकचे मूळ हस्ताक्षरात आहे. व्हेनिस येथे आल्डस मॅन्युशियस याने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य याच वळणात छापले. त्याचे खिळे फ्रान्चेस्को ग्रिफो याने घडविले होते. त्या अक्षराचे वेगळेपण केवळ कलात नव्हते, तर लेखणीच्या गतीत होते. एरिक गिल यांच्या गिल सॅन्सच्या (१९२८) इटॅलिकमध्ये ही गती जाणवते. त्यातील लहान ‘ए’ एकमजली होतो, ‘पी’ला लेखणीचा फटकारा लाभतो. याउलट एड्रियन फ्रुटिगर यांच्या युनिव्हर्समध्ये (१९५७) क्रमांक ४६ हे लाइट इटॅलिक म्हणजे सरळ अक्षराचेच कललेले रूप होय. तेथे कुटुंबाची एकसूत्रता साधते. परंतु लहान आकारात रेषा क्षीण झाली की कल हीच एकमेव खूण उरते आणि तीही पुसट होते.

देवनागरीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. संगणकाने अक्षर तिरपे केले की शिरोरेषा आडवीच राहते, उभे दंड मात्र कलतात. मराठीतील शीघ्रलेखनाचे कार्य मोडीने केले. पण ती स्वतंत्र लिपी असल्याने देवनागरीच्या पानात इटॅलिकसारखी सोबत करू शकली नाही. त्यामुळे आपल्याकडील तिरपेपणाला बहुधा हस्ताक्षराचा आधार नसतो. शिवाय आपले विद्यार्थी अनेकदा झेरॉक्स प्रतीवरून वाचतात. बारीक रेषेतील अनुस्वार व रफार तेथे प्रथम नाहीसे होतात आणि त्याबरोबर अर्थही बदलतो.

निष्कर्ष :
निवडीपूर्वी नमुना प्रत्यक्ष आकारात, प्रत्यक्ष कागदावर व सभोवतालच्या सरळ मजकुरासह छापून पाहावा. त्याची झेरॉक्स प्रतही तपासावी. रोमन लिपीतील लहान चित्रओळींसाठी गिल सॅन्सच्या प्रकृतीचे, तर मोठ्या शीर्षकांसाठी युनिव्हर्सच्या प्रकृतीचे वळण योग्य ठरेल. देवनागरीत ठळक ठसा अथवा अवतरणचिन्ह हाच अधिक विश्वासार्ह मार्ग होय. अक्षराचे सौंदर्य वाचनीयतेवर उभे असते. ती गमावून मिळविलेली नजाकत ही मांडणीची उणीवच मानावी लागेल.