कार्टून वाहिन्यांचा जर-तरचा इतिहास

घडून गेलेल्या घटनेत एकच बदल करायचा आणि पुढचे सगळे त्या बदलाच्या हिशेबाने रचायचे, ही जर-तरच्या इतिहासाची रीत. लढाया, राज्ये आणि निवडणुका हे या लेखनाचे जुने विषय. अलीकडे त्यात लहान मुलांच्या कार्टून वाहिन्यांची भर पडली आहे. अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत टीव्हीसमोर वाढलेली पिढी आता कधीच अस्तित्वात नसलेल्या वाहिन्यांची वेळापत्रके, बोधचिन्हे, दोन कार्यक्रमांच्या मधल्या छोट्या फिती आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे तपशील रचते. कार्टून नेटवर्क दहा वर्षे आधी सुरू झाले असते तर, निकेलोडियनने जाहिराती घेतल्याच नसत्या तर, फॉक्स किड्स डिस्नीच्या हाती गेले नसते तर, असे तिचे प्रश्न.

या रचनांत कारागिरी पक्की असते. काल्पनिक वाहिनीची १९९४ मधली फीत पाहिली तर अक्षरवळण, रंग, निवेदकाचा सूर, व्हिडिओ कॅसेटवरची खरखर, सगळे त्या काळाचे वाटते. इतकी हुबेहूब नक्कल करायची तर मूळ वस्तू बारकाईने पाहावी लागते, आणि ती पाहायला मिळणे आता अवघड होत चालले आहे. शनिवार सकाळच्या कार्टूनची परंपरा सांभाळणारा जुन्या धाटणीचा शेवटचा कार्यक्रमपट्टा सप्टेंबर २०१४ मध्ये सीडब्ल्यू या वाहिनीवर संपला. २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी ही नवी कंपनी बनल्यावर ‘इन्फिनिटी ट्रेन’सारख्या मालिका एचबीओ मॅक्सवरून काढून टाकण्यात आल्या, पुढच्या वर्षी बरबँक इथल्या कार्टून नेटवर्क स्टुडिओची इमारत रिकामी झाली. अशा वेळी घरोघरच्या जुन्या कॅसेटींवरून वाहिन्यांचे रूप अभ्यासणारे हे हौशी लोक जतनाचे मोलाचे काम करत आहेत.

इतिहासलेखन म्हणून मात्र यातले बरेचसे काम कच्चे आहे. मराठी वाचकाला या प्रकाराची कसोटी जवळच सापडते. जयंत नारळीकरांच्या कथेतले प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतावर मराठे जिंकलेल्या जगात जाऊन पोचतात. त्या जगात बदल एवढाच, की विश्वासरावांना लागायची ती गोळी चाटून जाते. पुढचे सारे त्यातून उलगडते, आणि त्यात सुखावणारे असते तसे न सुखावणारेही असते: मुंबईत इंग्रजांचा अंमल टिकूनच राहतो. बदल लहान, नेमका आणि शक्य कोटीतला. परिणाम दूरवरचे, पण लेखकाच्या इच्छेबरहुकूम न वागणारे. कार्टून वाहिन्यांच्या बहुतेक कल्पित इतिहासांत हे उलटे होते. आवडत्या मालिका आधी निवडल्या जातात आणि कारणे मागाहून चिकटवली जातात.

कार्टून नेटवर्कचेच उदाहरण घ्यावे. या वाहिनीचा उगम एका कर्जबाजारी व्यवहारात आहे. १९८६ मध्ये टेड टर्नर यांनी एमजीएम/यूए ही चित्रपट कंपनी सुमारे दीड अब्ज डॉलरना घेतली. कर्जाचा बोजा एवढा, की काही महिन्यांतच कंपनीचा बराचसा भाग परत विकावा लागला. टर्नर यांनी राखला तो जुन्या चित्रपटांचा साठा. त्यात ‘टॉम अँड जेरी’ होते, पॉपाय होता, वॉर्नरचे १९४८ पर्यंतचे रंगीत लूनी ट्यून्स होते. १९९१ मध्ये ३२ कोटी डॉलरच्या व्यवहारात हॅना-बार्बेरा हाती आली आणि तिच्याबरोबर फ्लिंटस्टोन्स, योगी बेअर, स्कूबी-डू आले. १ ऑक्टोबर १९९२ रोजी वाहिनी सुरू झाली तेव्हा चोवीस तास दाखवता येईल एवढा माल पहिल्या दिवसापासून तयार होता.

आता ‘दहा वर्षे आधी’ या लाडक्या कल्पनेचे काय होते ते पाहावे. १९८२ मध्ये टर्नर यांच्याकडे सीएनएन होती, अटलांटाची उपग्रहावरून देशभर दिसणारी वाहिनी होती, पण कार्टूनचा साठा नव्हता. पॉपाय आणि टॉम-जेरी एमजीएम/यूएकडे, हॅना-बार्बेरा टाफ्ट ब्रॉडकास्टिंगकडे. कार्टून दाखवायला तीन-चार दारांवर भाडे मोजत फिरावे लागले असते. म्हणजे १९८२ ची वाहिनी उभी करायची तर कल्पना करणाऱ्याने साठ्याची मालकी आधी बदलली पाहिजे. हे करणारी रचना क्वचित दिसते.

उलट बाजूचा फाटा अधिक कसदार आहे. १९८६ च्या कर्जफेडीत साठाही हातचा गेला असता तर टर्नर यांना १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा घेण्याचे कारणच उरले नसते. मग फ्रेड साइबर्ट तिथे अध्यक्ष म्हणून राहून ‘व्हॉट अ कार्टून!’ हा प्रयोग करू शकले नसते. त्या प्रयोगात नवोदितांकडून सात-सात मिनिटांचे ४८ लघुपट करून घेतले गेले आणि त्यांतून ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’, ‘जॉनी ब्राव्हो’, ‘काउ अँड चिकन’, ‘द पॉवरपफ गर्ल्स’ या मालिका निघाल्या. फाटा प्रामाणिकपणे चालवला तर डेक्स्टर नाहीसा होतो. कल्पित इतिहास रचणाऱ्यांची कसोटी इथे लागते. कारण बदलले तरी आवडते पात्र कसेही करून वाचवायचे, हा मोह बहुतेकांना आवरत नाही, आणि मग इतिहासाची आवडीच्या मालिकांची यादी होऊन बसते.

त्यांना मिळालेला सर्वांत चांगला फाटा फॉक्स किड्सचा आहे. डिस्नीची ‘डकटेल्स’ ही मालिका १९८७ पासून अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांना विकली जात होती आणि लॉस एंजेलिसमध्ये ती फॉक्सच्या केंद्रावर दिसे. १९८८ मध्ये डिस्नीने त्याच शहरातले दुसरे केंद्र विकत घेतले आणि ‘डकटेल्स’ तिकडे वळवली. फॉक्सचे प्रमुख बॅरी डिलर संतापले. दुसऱ्याच्या मालिकांवर विसंबण्यापेक्षा मुलांसाठी स्वतःचेच जाळे उभारावे असे फॉक्सने ठरवले आणि सप्टेंबर १९९० मध्ये ते सुरू झाले. त्याची सूत्रे मार्गारेट लोश यांच्याकडे आली. त्या आधी मार्व्हल प्रॉडक्शन्सच्या प्रमुख होत्या, आणि ‘एक्स-मेन’ पडद्यावर यावी यासाठी त्यांनी बरेच झगडे केले होते. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन’ आणि ‘एक्स-मेन’, १९९३ मध्ये ‘पॉवर रेंजर्स’, हे सगळे त्या जाळ्यावर आले. एका शहरातल्या एका केंद्राचा सौदा झाला नसता तर या तिन्ही मालिकांना आहे त्या रूपात घर मिळणे कठीण होते. १९९५ चे किड्स डब्ल्यूबी हे त्याच यशाला वॉर्नरने दिलेले उत्तर, तेही डळमळते. विश्वासरावांच्या गोळीइतका बारीक आणि पटणारा हा बदल आहे. तरीही कल्पित इतिहास लिहिणारे बहुधा २००१ मधली फॉक्स किड्सची डिस्नीला झालेली विक्री रद्द करण्यात गुंततात. तोवर केबलने स्थानिक केंद्रांचा बालप्रेक्षक ओढून नेला होता. विक्री टळल्याने तो परत आला नसता.

कायद्याची बाजू तर जवळपास अस्पर्शच आहे. पेगी चॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना काढली. फेडरल ट्रेड कमिशनने १९७८ मध्ये अगदी लहान मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर बंदीचा प्रस्ताव पुढे आणला. १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने आयोगाचे हात बांधले. १९८४ मध्ये प्रसारणावरची जाहिरातमर्यादा उठली आणि खेळण्यांवर बेतलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’सारख्या मालिकांना मोकळे रान मिळाले. १९७८ चा प्रस्ताव टिकला असता तर काय, हा या विषयातला सर्वांत फलदायी प्रश्न आहे. १९७९ मध्ये सुरू झालेली निकेलोडियन पहिली काही वर्षे जाहिरातींविना, केबलचालकांच्या पैशावर चालत होती आणि तोट्यात होती. जाहिराती नसलेल्या जगात तीच चाल सर्वांना धरावी लागली असती: वाहिन्या मोजक्या, वर्गणी जास्त, नव्या मालिका कमी. १९९१ मध्ये ‘रगरॅट्स’, ‘डग’ आणि ‘रेन अँड स्टिम्पी’ एकाच दिवशी पडद्यावर आणायला लागणारे भांडवल अशा जगात कुठून येईल, याचे उत्तर द्यावे लागते.

मालकी आणि कायद्याबरोबर श्रमही गृहीत धरला जातो. ‘स्पंजबॉब’ आणि ‘पॉवरपफ गर्ल्स’ची चित्रे दक्षिण कोरियात रंगली, १९९० च्या दशकातली वाढ त्या स्वस्त आणि कसबी हातांवर उभी होती. कल्पित वाहिन्या दुप्पट मालिका काढतात, पण त्या काढणार कोण हे सांगत नाहीत.

भारतासाठी असा पट रचायचा तर सोपा फाटा हंगामा टीव्हीचा. यूटीव्हीने ती वाहिनी २००४ मध्ये काढली आणि २००६ मध्ये डिस्नीला विकली. विक्री टळली असती तर देशी अ‍ॅनिमेशनची भरभराट झाली असती असे मानणे मात्र घाईचे ठरेल, कारण हंगामाची लोकप्रियता ‘डोरेमॉन’सारख्या जपानी मालिकांच्या हिंदी रूपांवर उभी होती. अधिक खोल फाटा १९७० च्या दशकात आहे. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ मध्ये सेंटर फॉर एज्युकेशनल टेक्नॉलॉजीसाठी ‘एक अनेक और एकता’ केला. अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचे होते. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह-प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सकाळच्या वेळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम दाखवले जात. प्रयोग एका वर्षाने संपला नसता तर जाहिरातींवर न चालणारी सार्वजनिक बालवाहिनी भारतात फार आधी येऊ शकली असती. तिला अ‍ॅनिमेटर लागले असते ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधले. डिस्नीचे क्लेअर वीक्स यांनी १९५६ मध्ये तिथे येऊन राम मोहन आणि इतरांना शिकवले होते. पण हाताने चित्रे काढणारा तो लहानसा विभाग रोजच्या प्रक्षेपणाला पुरणारा नव्हता. हा फाटा विश्वासार्ह करायचा तर बदल १९७६ च्या बराच मागे न्यावा लागतो: वीक्स यांच्या वर्गासारखे वर्ग १९५० च्या दशकातच मुंबईबरोबर आणखी चार-पाच शहरांत, सरकारी खर्चाने आणि वर्षानुवर्षे भरायला हवेत.