श्रिव्हन : हाती न लागलेलं तिसरं रूप

इंग्रजी क्रियापदांची तीन रूपं शाळेत चालीवर पाठ होतात. ड्राइव्ह-ड्रोव्ह-ड्रिव्हन, राइट-रोट-रिटन, राइज-रोज-रिझन. याच चालीत चपखल बसणारं, पण शाळेच्या तक्त्यात सहसा न दिसणारं एक क्रियापद आहे : श्राइव्ह-श्रोव्ह-श्रिव्हन. धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली देणं म्हणजे श्राइव्ह, आणि धर्मगुरूने ती ऐकून, प्रायश्चित्त सांगून समोरच्याला पापमुक्त करणं हेही श्राइव्हच. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ज्याला ‘कुमसार’ म्हणतात, तोच हा विधी. यावरून झालेलं नाम श्रिफ्ट. आजच्या रोजच्या इंग्रजीत या कुळातले दोनच शब्द टिकून आहेत. लेंटच्या उपवासांआधीचा मंगळवार म्हणजे श्रोव्ह ट्यूझडे, आणि एखाद्याचं धड ऐकूनही न घेता त्याला वाटेला लावणं म्हणजे शॉर्ट श्रिफ्ट. क्रियापद स्वतः मात्र जुन्या पुस्तकांतच भेटतं. तिथे ते कुणाच्या तोंडी, कोणत्या रूपात येतं हे बारकाईने पाहिलं, तर त्या पात्राच्या नशिबाचा सुगावा लागतो.

आधी थोडा कुलवृत्तान्त. लॅटिनमध्ये स्क्रीबेरे म्हणजे लिहिणं. तेच जर्मनमध्ये श्राइबेन झालं आणि लिहिण्याच्याच कामावर राहिलं. इंग्रजांकडे लिहिण्यासाठी घरचं क्रियापद आधीपासून होतं, त्यामुळे या पाहुण्याला वेगळं काम मिळालं : नेमून देणं, आणि पुढे खास करून प्रायश्चित्त नेमून देणं. सातव्या शतकापासून इंग्लंडात प्रायश्चित्तांच्या पुस्तिका वापरात होत्या. कोणत्या पापाला किती दिवस नुसत्या पाव-पाण्यावर राहायचं, याची त्यांत जंत्रीच असे. अशी एक पुस्तिका कँटरबरीचे आर्चबिशप थिओडोर यांच्या नावावर आहे. परक्या भाषेतून आलेल्या क्रियापदाला इंग्रजी सहसा मागे ‘-एड’ लावून मोकळी होते. श्राइव्ह मात्र इतकं लवकर आलं की त्याने घरच्या क्रियापदांसारखा पोटातला स्वरच बदलून घेतला. पण त्याच्या मुळाशी क्षमा नाही, नेमून दिलेली शिक्षा आहे. पुढे कवी कोलरिजपाशी पोचल्यावर हे उपयोगी पडेल.

१२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कबुली देणं प्रत्येक ख्रिस्ती माणसावर बंधनकारक केलं. सोळाव्या शतकात इंग्लंड रोमपासून फुटलं आणि ही सक्ती गेली. १५८५ च्या कायद्यानुसार तर जेझुइट पाद्र्याने इंग्लंडात नुसतं राहणं हाच राजद्रोह ठरला. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स याच काळातले इंग्रज जेझुइट. ते १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि इकडचेच झाले. मायदेशी परतले असते, तर या कायद्याने त्यांच्यावर मरणाची तलवार टांगली असती. त्यांचं पुराण राचोलला छापलं गेलं १६१६ मध्ये, शेक्सपिअर वारला त्याच वर्षी. म्हणजे शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना श्राइव्ह हा शब्द कळत होता, पण त्यामागचा विधी त्यांच्या आजी-आजोबांचा झाला होता. अशा शब्दात जुनेपणाही असतो आणि थोडी धास्तीही. शेक्सपिअरने दोन्ही वापरून घेतलं.

‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात लॉर्ड हेस्टिंग्ज रस्त्यात एका पाद्र्याशी दोन शब्द बोलत उभा असतो. तेवढ्यात बकिंगहॅम येतो आणि थट्टा करतो : पाद्र्याची गरज पॉम्फ्रेटच्या किल्ल्यातल्या कैद्यांना आहे, आपल्यासारख्यांना श्राइव्हिंगचं काय काम? हेस्टिंग्जला त्यात वावगं वाटत नाही. पॉम्फ्रेटला मरणाच्या दारात उभे असलेले त्याचे वैरीच आहेत. मध्ये एक छोटा प्रवेश जातो आणि राजसभेत रिचर्ड अचानक हेस्टिंग्जवरच उलटतो. याचं डोकं पाहिल्याशिवाय मी जेवणार नाही, असं म्हणून निघून जातो. मग रिचर्डचा माणूस रॅटक्लिफ हेस्टिंग्जला घाई करतो : श्रिफ्ट आटोपशीर घ्या, सरकारांना जेवायला बसायचंय. शॉर्ट श्रिफ्ट या वाक्प्रचाराचा उगम हाच. आज अग्रलेखात तो सहज येतो, तेव्हा त्यामागे खोळंबलेलं ताट आणि उतरायचं डोकं आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. बकिंगहॅमच्या तोंडी ते क्रियापद ‘काम’ या नामाचं विशेषण होऊन येतं, म्हणजे कुणा दुसऱ्याचा धंदा. रॅटक्लिफच्या तोंडी ते नाम होतं, आणि तेही आखूड केलेलं. हेस्टिंग्जला मघाचा पाद्री आठवतो, पण आता वेळ गेलेली असते. क्रियापद म्हणून, स्वतः कर्ता होऊन, ते त्याच्या वाट्याला येतच नाही.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये हाच शब्द हसतखेळत येतो. रोमिओ दाईकरवी निरोप धाडतो : ज्युलिएटने दुपारी काहीतरी निमित्त काढून श्रिफ्टला यावं, फ्रायर लॉरेन्सच्या खोलीत ती श्राइव्ह होईल आणि विवाहितही होईल. दोन्ही क्रियापदं एका दमात, एकाच कर्मणी रचनेत. इथे शेक्सपिअर श्रिव्हन हे जुनं रूप न वापरता ‘श्राइव्ह्ड’ असं ‘-एड’वालं साधं रूप घेतो. शेजारच्या ‘मॅरीड’शी त्याचा मेळ बसतो आणि पाप नि लग्न एका रांगेत येऊन बसतात. खानदानी घरातल्या मुलीला एकटीने बाहेर पडायला जे मोजके निर्विवाद रस्ते होते, त्यांतला एक कबुलीचा. पुढे नको असलेल्या लग्नाच्या पेचात ती पुन्हा याच नावाखाली फ्रायरकडे जाते, आणि ती श्रिफ्टहून प्रसन्न चेहऱ्याने परतली म्हणून दाई खूश होते. त्या प्रसन्नतेमागे मरणासारखी झोप आणणारी कुपी आहे, हे फक्त प्रेक्षकाला ठाऊक असतं. पाप धुण्याचा शब्द ज्युलिएटच्या बाबतीत दर वेळी काहीतरी लपवायला कामी येतो.

‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधली पोर्शिया मोरोक्कोच्या राजपुत्राची वाट पाहताना याच क्रियापदावर यमक जुळवते : हा संतासारखा असला तरी नवरा होण्यापेक्षा माझा कबुली-गुरू झाला तर बरा. विनोद चटपटीत आहे आणि त्यातला वर्णद्वेषही लपत नाही. तिथे फार रेंगाळण्यासारखं नाही.

‘हॅम्लेट’मध्ये मात्र थांबायलाच हवं. आगरकरांनी ‘विकारविलसित’ (१८८३) म्हणून मराठीत आणलेलं हेच नाटक. हॅम्लेटच्या बापाची खरी तक्रार नुसत्या खुनाची नाही. बागेत झोपेत विष घातलं गेलं, शेवटचे संस्कार झाले नाहीत, पापं तशीच घेऊन जावं लागलं, म्हणून त्याचं भूत तळमळतंय. हॅम्लेट हे विसरत नाही. खुनी काका क्लॉडियस प्रार्थना करताना एकटा सापडतो तेव्हाही तो तलवार आवरतो, कारण प्रार्थनेत मेला तर हा सरळ स्वर्गात जाईल. आणि मग पाचव्या अंकात, इंग्लंडला जाताना जहाजावर काय घडलं ते तो आपल्या मित्राला, होरेशियोला, सांगतो. क्लॉडियसच्या गुप्त पत्रात इंग्लंडच्या राजाला हुकूम होता : हॅम्लेटचं डोकं तत्काळ उडवा, कुऱ्हाडीला धार लावण्यापुरतंही थांबू नका. हॅम्लेट पत्र बदलतो. आता मरायचं आहे पत्र घेऊन निघालेल्या रोझेनक्रँट्झ आणि गिल्डनस्टर्न या दोघांनी. मुदतीची अट तो ठेवतो, पण कुऱ्हाड काढून तिथे दुसराच शब्द घालतो : श्राइव्हिंगला वेळ देऊ नका.

दोन पत्रांमधला हा बदल छोटा आहे आणि भयंकर आहे. काकाने देहाची घाई केली होती, पुतण्या आत्म्याची वाट अडवतो. बापावर जो अन्याय झाला म्हणून सारं नाटक घडलं, नेमका तोच अन्याय तो दोन जुन्या मित्रांवर करतो. पत्रावर उमटवायला शिक्का कुठून आला, असं होरेशियो विचारतो. बापाची मुद्रा हॅम्लेटच्या थैलीत होती. म्हणजे कबुलीविना मेलेल्या राजाच्या शिक्क्यानेच दोघांची कबुली नाकारली जाते. दैवानेच साथ दिली, असं हॅम्लेटला वाटतं. शब्दाची निवड वाचकाला वेगळंच सांगून जाते.

दोनशे वर्षांनी, १७९८ मध्ये, कोलरिजची ‘एन्शंट मरीनर’ ही दीर्घ कविता आली. त्याने श्राइव्हचं मुद्दाम जुनाट केलेलं वर्णलेखन वापरलं, ‘श्रीव्ह’ असं. अल्बाट्रॉस मारणारा खलाशी सगळे सोबती गमावून एकटा किनाऱ्याकडे येतो. नावेतला संन्यासी दिसताच त्याला आशा वाटते की हा आपला आत्मा श्राइव्ह करील, पक्ष्याचं रक्त धुऊन काढील. हे क्रियापदाचं भविष्यकाळातलं रूप. जमिनीवर पाय लागताच तो संन्याशाला दोनदा विनवतो : श्राइव्ह कर मला. हे आज्ञार्थी रूप. तिसरं रूप कधी येतं ते पाहू गेलं, तर ते येतच नाही. संन्यासी क्षमा उच्चारत नाही. तो कपाळावर क्रूस काढतो आणि विचारतो, तू आहेस तरी कोण? या एका प्रश्नाने खलाशाचं अंग पिळवटून निघतं, गोष्ट सांगावीच लागते, सांगितल्यावर क्षणभर मोकळं वाटतं. पण ती कळ पुन्हा कधी उठेल याचा नेम नाही, आणि उठली की गोष्ट पुन्हा सांगावी लागते. लग्नाच्या दारातल्या पाहुण्याला अडवून तो हेच करत असतो.

१८१७ च्या आवृत्तीत कोलरिजने कवितेच्या कडेला गद्य टिपा जोडल्या. या जागेवरच्या टिपेचा आशय असा की खलाशी संन्याशाला श्राइव्ह करण्याची विनवणी करतो, आणि जन्मभराचं प्रायश्चित्त त्याच्यावर येऊन पडतं. इथे ते जुनं मूळ अचानक उघडं होतं. खलाशाने क्रियापद उच्चारलं क्षमेच्या अर्थाने, त्याच्या पदरात पडलं ते प्रायश्चित्त नेमून देण्याच्या अर्थाने. मागणी पुरी झाली, पण सातव्या शतकातल्या अर्थाने. खलाशी अखेरीस सुटला की नाही, हा वाद समीक्षक करत आले आहेत. माझ्यापुरता तो तक्त्याने मिटवला आहे. कवितेत भविष्यकाळ आहे, आज्ञार्थ आहे, श्रिव्हन नाही. कवीला ते रूप ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. ते त्याने खलाशाला दिलं नाही, आणि म्हणूनच खलाशी अजून गोष्ट सांगतो आहे.