मायक्रोकॅसेटवरचा 'स' : 'हाय-फाय' ध्वनिमुद्रणाची उलटतपासणी

प्रबंधाच्या 'संशोधनपद्धती' प्रकरणात एक वाक्य हमखास असतं : "सर्व मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात आल्या." त्यानंतर गाडी थेट विश्लेषणावर. मधे एक यंत्र होतं, त्यानं काही ऐकलं आणि काही ऐकलंच नाही, याचा कुठे पत्ता नसतो. आजच्या डिजिटल रेकॉर्डरच्या बाबतीत हे एक वेळ खपून जातं. पण संशोधनाला सुरुवात करणाऱ्या अनेकांच्या हाती जुन्या फिती येतात : गाईडच्या कपाटातल्या, विभागातल्या खोक्यातल्या, एखाद्या निवृत्त कार्यकर्त्यानं जपून ठेवलेल्या. त्यांत काडेपेटीएवढ्या मायक्रोकॅसेट निघाल्या तर वरचं वाक्य पुरत नाही. आणि "काळजी नको, हे त्या काळच्या हाय-फाय मशीनवर रेकॉर्ड केलंय" असं कुणी सांगितलं, तर जास्तच सावध व्हायला हवं. ते का, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी वस्तूची ओळख. मायक्रोकॅसेट ऑलिंपस या जपानी कंपनीनं १९६९ मध्ये आणली. फितीची रुंदी आपल्या नेहमीच्या कॅसेटइतकीच, फरक वेगात आहे. नेहमीची कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, मायक्रोकॅसेट २.४. शिवाय बहुतेक यंत्रांवर १.२ चं बटण असतं. एमसी-६० कॅसेट २.४ वर एका बाजूला ३० मिनिटं चालते, १.२ वर तासभर. हे सगळं कशासाठी? साहेबांनी पत्र तोंडी सांगावं, टायपिस्टनं ऐकून टाइप करावं, यासाठी. पुढे टेलिफोनच्या आन्सरिंग मशीनमध्येही ती बसली. या कामासाठी ती उत्तमच होती, आणि फिलिप्सच्या १९६७ च्या मिनी-कॅसेटपेक्षा निश्चित सरस. मिनी-कॅसेटमध्ये फीत थेट रिळानं ओढली जाई, त्यामुळे रीळ भरत जाईल तसा वेग बदले. मायक्रोकॅसेटमध्ये कॅपस्टन, म्हणजे ठराविक वेगानं फिरणारी बारीक दांडी, फीत ओढते.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉकमनची लाट आली आणि डिक्टेशनच्या या डबीला संगीत ऐकवायची हौस सुटली. १९८२ मध्ये स्टीरिओ मायक्रोकॅसेट यंत्रं आली. त्यांच्यासाठी मेटल टेपही विकली जाऊ लागली. आज 'व्हिंटेज हाय-फाय' म्हणून लोक हौसेनं जमवतात ती यंत्रं बहुतेक याच पिढीतली. दिसायला देखणी, आतली कारागिरी घड्याळासारखी. माझा आक्षेप कारागिरीवर नाही. 'हाय-फाय' या शब्दाचा संशोधनात पुरावा म्हणून वापर करण्यावर आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, एका भागाकाराचं आहे. फितीवर आवाजाच्या एका कंपनाला किती लांबी मिळते? फितीचा वेग भागिले वारंवारता. ६,००० हर्ट्झचा आवाज नेहमीच्या कॅसेटवर सुमारे ७.९ मायक्रॉनमध्ये लिहिला जातो, मायक्रोकॅसेटवर २.४ च्या वेगाला ४ मायक्रॉनमध्ये, आणि १.२ ला फक्त २ मायक्रॉनमध्ये. आता कल्पना करा, फीत आणि हेड यांच्यामध्ये एका मायक्रॉनची फट पडली. धूळ म्हणा, हेडवर साठलेला थर म्हणा, फितीची सुरकुती म्हणा. बेल लॅब्जच्या वॉलेस यांनी १९५१ मध्ये मांडलेलं सूत्र सांगतं की वाचताना होणारी घट ५४.६ डेसिबल गुणिले फट भागिले तरंगलांबी एवढी असते. म्हणजे तेवढ्याच फटीनं नेहमीच्या कॅसेटवर ६,००० हर्ट्झ सुमारे ७ डेसिबलनं उतरतात, मायक्रोकॅसेटवर जवळपास १४ नं, आणि मंद वेगावर २७ नं. २७ डेसिबल म्हणजे आवाज गेलाच म्हणा.

मेटल टेपनं काय होतं? तिचं चुंबकत्व अधिक पक्कं असतं, त्यामुळे अशी बारीक तरंगलांबी फितीवर जास्त जोरकस लिहिली जाते. सुधारणा खरी आहे. पण वरच्या सूत्रात टेप कशाची आहे हे कुठे येतं का बघा. येत नाही. फक्त फट आणि तरंगलांबी. मेटल टेपला तुम्ही दुप्पट पैसे मोजा, वेग २.४ आहे तोवर धुळीचा हिशेब तोच राहतो. स्टीरिओचा तर या प्रश्नाशी संबंधच नाही.

"पण बोलणं तर स्वच्छ कळतं की!" हा नेहमीचा बचाव. कळतं, खरंच. टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा आणि त्यावर आपली लग्नं जमली. प्रश्न असा आहे की तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय? शब्द हवे असतील, कोण काय म्हणालं हवं असेल, तर बरी मायक्रोकॅसेट पुरते. तुम्ही बोलीभाषेवर काम करत असाल तर मात्र थांबा.

'बैलांना चार पेंढ्या चार.' पहिला 'चार' तालव्य, दुसरा दंतमूलीय. लिहायला एकच अक्षर, बोलायला दोन. तसंच 'हे जग' आणि 'तू जग'. या जोड्यांतला फरक बराचसा घर्षणाच्या आवाजात असतो, आणि दंतमूलीय 'च'च्या घर्षणाची ताकद साधारण ४,००० हर्ट्झच्या वर एकवटलेली असते. 'स' चंही तसंच. 'श' मात्र खाली, २,५०० च्या आसपासपासून सुरू होतो. म्हणजे झिजलेल्या मायक्रोकॅसेटवर 'श' तगतो, 'स' विरतो. शेजारच्या स्वराकडे जाताना होणाऱ्या बदलातून काही इशारे उरतात, पण ते अर्धवट.

मग ऐकणारा काय करतो? भर घालतो. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एक साधा प्रयोग छापला. ध्वनिमुद्रित इंग्रजी वाक्यातल्या 'लेजिस्लेचर्स' या शब्दातला 'स' पूर्ण काढून तिथे खोकला घातला. २० पैकी १९ जणांना काहीही गाळलेलं जाणवलं नाही. जो ध्वनी नव्हताच तो त्यांनी ऐकला. आता हाच कान आपल्या फितीकडे वळवा. बोलणारी बाई खेड्यातली आहे हे प्रतिलेखन करणाऱ्याला माहीत आहे. खेड्यातली माणसं 'शाळा'ला 'साळा' म्हणतात अशी त्याची आधीच समजूत आहे. घर्षणाचा आवाज धूसर आहे. तो काय लिहील? 'साळा'. ते तक्त्यात जाईल, तक्त्यावरून टक्केवारी निघेल, आणि अमुक तालुक्यात अमुक समाजात 'श' चा 'स' होतो असं विधान छापलं जाईल. ती बाई कदाचित 'शाळा'च म्हणाली असेल. 'अशुद्ध बोलतात' या शिक्क्याचा आपल्याकडे काय इतिहास आहे हे मी वेगळं सांगायला नको. तो शिक्का इथे यंत्राच्या मर्यादेतून मारला जातोय आणि त्यावर शास्त्राची सही आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांतला फरक मुख्यतः ३,००० हर्ट्झच्या आत असतो. 'पाणी' की 'पानी' हा प्रश्न त्याच फितीला बिनधास्त विचारता येतो. स्वरांचंही तेच. म्हणजे फीत टाकाऊ नाही. प्रत्येक प्रश्नासाठी तिची लायकी वेगळी आहे.

वेगाचा मुद्दा लहान पण खोडकर आहे. मुलाखत घेताना सेल उतरलेले असतील तर फीत हळू चालते, आणि नंतर योग्य वेगानं वाजवली की आवाज चढा लागतो. स्वराची उंची मोजणाऱ्यांनी यावर उपाय म्हणून पार्श्वभूमीतली विजेची गुणगुण शोधावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. एवढा खालचा सूर ही यंत्रं क्वचितच पकडतात, म्हणून १०० किंवा १५० हर्ट्झची पट बघावी. प्रातमध्ये १०० च्या जागी १०६ दिसलं तर फीत सुमारे ६ टक्के जोरात वाजते आहे. मात्र १९९० च्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारता स्वतःच चांगली वरखाली व्हायची, तेव्हा एखाद्या टक्क्याचा फरक यातून ठरवायला जाऊ नका.

मला सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट शांततेची आहे. या यंत्रांवर आवाज ऐकला की आपोआप सुरू होण्याची आणि शांतता झाली की थांबण्याची सोय अनेकदा असते. सोनी तिला व्हीओआर म्हणते, ऑलिंपस व्हीसीव्हीए. फीत वाचते, साहेब खूश. पण मुलाखतीत? संभाषण-विश्लेषणात गेल जेफरसन यांची प्रतिलेखनाची पद्धत वापरतात, तीत विराम सेकंदाच्या दशांशात नोंदवतात. जेफरसन यांनीच १९८९ मध्ये दाखवलं की इंग्रजी गप्पांमध्ये साधारण एक सेकंद ही शांततेची सोसवणारी कमाल मर्यादा असावी. म्हणजे सव्वा सेकंद गप्प राहणं हेसुद्धा काहीतरी सांगणं असू शकतं. "नवऱ्यानं कधी हात उगारला का?" या प्रश्नानंतरची शांतता व्हीओआरनं कापून टाकली, तर फितीवर ती बाई झटकन "नाही" म्हणालेली ऐकू येईल. हळूच म्हटलेला 'हं' तर यंत्राला जागंही करत नाही.

याच्या जोडीला ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल. हा मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज वर ओढतो. त्यामुळे 'सासूचा विषय निघाल्यावर तिचा आवाज खाली गेला' असं फितीवरून म्हणता येत नाही. तुम्ही तिथे हजर होता आणि वहीत तशी नोंद केली असेल, तर वहीचा हवाला द्या.

मंद वेग आणि आवाजानं सुरू होणारं यंत्र, या जोडीची जगातली सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रणं मायक्रोकॅसेटवर नाहीत, मोठ्या रिळांवर आहेत : निक्सन यांच्या व्हाइट हाउसमधली, १९७१ ते १९७३ ची, सुमारे ३,७०० तासांची. सोनीच्या टीसी-८००बी यंत्रांवर वेग ठेवला होता सेकंदाला १५/१६ इंच, म्हणजे २.३८ सेंटिमीटर. आपल्या डबीचाच वेग. जगातल्या सर्वांत सत्ताधारी कार्यालयात रेकॉर्ड करूनही कित्येक शब्दांवर अभ्यासक आजवर भांडतात. पण २० जून १९७२ च्या फितीतला साडेअठरा मिनिटांचा घोंगाट तपासणाऱ्या तज्ज्ञांनी १९७४ मध्ये जे केलं ते शिकण्यासारखं आहे. हरवलेले शब्द त्यांना मिळाले नाहीत. त्यांनी यंत्राच्या खुणा वाचल्या. हेड सुरू-बंद होताना उमटलेल्या चुंबकीय खुणांवरून त्यांनी सांगितलं की पुसण्याची क्रिया किमान पाच वेळा झाली, आणि ती हाताने बटणं दाबून झाली.

आपणही आपल्या पातळीवर एवढं करू शकतो. व्हीओआर सुरू होताना मोटर वेग घेत असते, त्यामुळे परत वाजवताना पहिलं अक्षर किंचित चिरकं लागून खाली घसरतं. अशी घसरण दर वाक्याच्या तोंडाशी ऐकू आली, तर त्या फितीवर विराम मोजू नयेत.

डिजिटायझेशन करणाऱ्यांना एक विनंती. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची किमान शिफारस ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी आहे, ती पाळा. पण फाइल ९६ ची केली म्हणून फितीवर नसलेला 'स' उगवत नाही. आधी हेड स्वच्छ करा, आणि त्याचा कोन त्या फितीशी जुळवून घ्या. वरचे आवाज सर्वांत ठळक लागतील तिथे थांबायचं. आणि हल्ली 'आवाज स्वच्छ करून देणारी' एआय साधनं फुकट मिळतात, ती विश्लेषणाच्या प्रतीवर अजिबात वापरू नका. त्यांतली बरीच साधनं गेलेला वरचा पट्टा अंदाजानं भरून काढतात. तुम्हाला छान खणखणीत 'स' ऐकू येईल, पण तो त्या बाईचा नसेल.

सिनॉप्सिस लिहिताना त्या एका वाक्याच्या जागी मी असं काहीतरी सुचवेन : "मुलाखती मायक्रोकॅसेटवर, २.४ सेंमी वेगानं मुद्रित आहेत. व्हीओआर सुरू असल्याच्या खुणा अमुक फितींवर आढळल्या, त्या विरामांच्या विश्लेषणातून वगळल्या आहेत. स/श आणि दोन्ही 'च' यांविषयी या सामग्रीवरून कोणतंही विधान केलेलं नाही. न/ण आणि ल/ळ यांचं विश्लेषण तिसऱ्या प्रकरणात आहे." गाईड म्हणतील, एवढं तांत्रिक कशाला. तेव्हा बैलांच्या पेंढ्यांचं वाक्य फोनवर रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीत ४,००० हर्ट्झच्या वरचं कापा, आणि त्यातले दोन 'चार' सुटे करून उलटसुलट क्रमानं त्यांना ऐकवा. कुठला आकडा आणि कुठली आज्ञा, ते त्यांनाच ठरवू द्या.