ठाणे गॅझेटियरमधील वसईची जमीन

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ साली प्रसिद्ध झालेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर वसईच्या शेतीचा अभ्यास करणाऱ्यास आजही टाळता येत नाही. भातजमीन, बागायत व वरकस हे विभाग, भातजमिनीतील गोडी व खारी हा भेद आणि राबाची पद्धती यांचे त्यातील वर्णन साक्षेपी आहे. तथापि हे विभाग मूलतः साऱ्यासाठी पाडलेले आहेत. सारा शेतावर बसतो. जमिनीखालचे पाणी मात्र शेताचा बांध ओळखत नाही.

अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंतच्या वाळूमिश्रित पट्ट्यात हा दोष विशेष जाणवतो. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस खाजणांची सखल जमीन. तेव्हा या पट्ट्याची भिस्त मुख्यतः त्याच्यावर पडणाऱ्या पावसावरच. तो वाळूत मुरतो आणि हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. घायबेन व हर्झबर्ग यांच्या सिद्धान्ताप्रमाणे समुद्रपातळीच्या वर एक हात गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस हात असते. वसईसारख्या ठिकाणी, जेथे वाळूखाली काळा खडक लागतो, हे प्रमाण अक्षरशः घेऊ नये; परंतु उपसा थोडा वाढला तरी खारेपण पुष्कळ वर चढते, हा त्यातील इशारा खराच आहे.

केळीची बहुतेक मुळे वरच्या थरात पसरतात व क्षार त्यांस सोसत नाहीत. मातीतील द्रावात क्षार वाढले म्हणजे ओल असूनही मुळांस पाणी ओढता येत नाही. जुन्या पानांच्या कडा प्रथम करपतात. असे पान पाहून पाणी वाढवावे, तर त्याच खाऱ्या विहिरीचे! रहाटाने बावखलातून काढलेल्या पाण्याचा काही अंश पुन्हा वाळूत झिरपे. पंपाने उपसा वाढला. टँकरने शहराकडे गेलेले पाणी तर परत येतच नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने या प्रश्नावर आवाज उठविला, तो केवळ हिरवाईच्या हौसेपोटी नव्हे.

गॅझेटियरकारांस याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. घायबेन यांचे प्रतिपादन १८८९ च्या सुमाराचे, तर हर्झबर्ग यांचे १९०१ मधील. दोष आहे तो त्यानंतरही 'बागायत' हा जमिनीचा अंगभूत गुण मानून चालणाऱ्या वाचकांचा. वस्तुतः ते माती, पाणी व पीक यांमधील एका नाजूक संबंधाचे नाव आहे. बावखल बुजविले, भोवताली फरसबंदी झाली आणि पाऊस गटारातून खाडीस गेला, तरी सातबाऱ्यावर ती जमीन बागायत म्हणूनच राहू शकते.